ओलीचा हिशेब

बुरशी आणि बँकेचा इन्स्पेक्टर यांच्यात एक साम्य आहे. दोघंही वर्दी न देता येतात आणि एका जागी काही सापडलं की शेजारचंही उकरतात. आमच्या घरी बुरशीचं खातं सौ.कडे आहे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्याकडे ती ज्या नजरेनं बघते, ती नजर आमच्या मॅनेजरला अजून जमलेली नाही.

त्यामुळे वेळासला कासवांची घरटी बघायला गेलो, तेव्हा तज्ज्ञ माझ्यासोबतच होती. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं नाना फडणीसांचं गाव. म्हणजे आम्हां हिशेबवाल्यांचं पंढरपूरच! चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन २००२ मध्ये इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली.

कासवाची मादी म्हणजे आदर्श खातेदार. रात्री येते, दीडेक फूट खोल सुरईसारखा खड्डा करते, शंभरेक अंडी ठेवते, वाळू लोटते आणि पावतीसुद्धा न मागता निघून जाते. मुदत साधारण ४५ ते ६० दिवस. ही ठेव कोल्ह्या-कुत्र्यांनी आणि माणसांनी लुटू नये, म्हणून अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात ठेवतात.

"पाणी किती शिंपडता हो, दादा?" सौ.नं राखणदाराला विचारलं.

"शिंपडत नाही, वहिनी. भरतीच्या वरची जागा धरायची. वरची कोरडी वाळू सारायची नि खालची मुठीत दाबून बघायची. गोळा टिकला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये."

"म्हणजे लाडू वळताना बघतो तसंच की!"

तसंच. फरक एवढाच, की हा लाडू श्वास घेतो. कासवाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं. चामड्यासारखं मऊ असतं. त्यातून पाणीही जातं-येतं आणि हवाही. वाळू कोरडी पडली तर अंडं चेपतं. चिंब झाली तर वाळूतल्या फटी पाण्यानं भरतात आणि आतला जीव गुदमरतो. मग मेलेल्या अंड्यावर बुरशी धरते आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्यांकडे सरकते.

बरं, बरणीसारखं रोज उघडून बघण्याची सोय नाही. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो. म्हणून काय ती काळजी आधी आणि नंतर. दोन घरट्यांत अंतर ठेवायचं, पिल्लं निघाली की टरफलं आणि नासकी अंडी उकरून टाकायची, पुढच्या हंगामात कुंपणाची जागा बदलायची. मधल्या दिवसांत हात लावायचा नाही.

"पन्नास दिवस बघायचंच नाही?" सौ. कासावीस झाली. "जीव कसा राहतो तुमचा?"

"राहत नाही, वहिनी. म्हणून तर रात्री इथंच झोपतो."

यावर सौ. काहीच बोलली नाही. लग्नानंतरचा हा विक्रमच.

राखणदाराच्या वहीत तीन रकाने होते: अंडी, पिल्लं, वाया गेलेली. सवयीनं मी तिसरा रकाना कोरा असलेलं पान शोधलं. सापडलं नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत, ज्यातली जमा स्वतःच्या पायांनी समुद्रात चालत गेली असं दुसरं लेजर काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही.