रशियनचा पहिला टप्पा

नवशिक्यांच्या रशियन वर्गाची उद्दिष्टं आज नीट वाचली. ३३ अक्षरं लिहिता-वाचता येणं, स्वतःची ओळख करून देणं, वेळ सांगणं, दुकानात भाव विचारणं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियात जी प्रमाणित परीक्षा आहे, तिच्या सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ७८० शब्द लागतात. म्हणजे मागणी अवाजवी नाही.

छापील लिपी लवकर बसते. इंग्रजी पीसारखं दिसणारं अक्षर ‘र’ आणि एचसारखं दिसणारं ‘न’, एवढं डोक्यात भिनलं की झालं. खरी परीक्षा हस्ताक्षराची. ‘श’, ‘इ’, ‘ल’, ‘म’ जोडून लिहिले की नुसत्या हुकांची रांग दिसते. कुठलं अक्षर कुठे संपलं, देव जाणे! हे उद्दिष्ट यादीत ठळक हवं होतं.

उच्चारांचंही तसंच. दुधाच्या शब्दात तीन ‘ओ’ लिहायचे आणि म्हणायचं ‘मलाको’, कारण आघात शेवटच्या ‘ओ’वर. आघात सहसा छापलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक शब्द कानानेच पाठ करायचा.

तीन लिंगं आणि सहा विभक्त्या ऐकून इतरांना घाम फुटतो. आपण मराठी माणसं ‘घर, घराला, घरात’ करतच वाढलो. शिवाय रशियनमध्ये शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुधा कळतं, ही सोय मराठीत कुठे? मात्र चालत जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं, ही क्रियापदांची भानगड पहिल्या सत्रात पुरी करू पाहू नये. चारेक क्रियापदं पक्की झाली तरी पुष्कळ.