कपाळ सैल सोडा

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया झालेली, टाक्यांची रेघ घडीत लपलेली, दोन्ही डोळे नीट मिटताहेत, सूज उतरलेली. तरी समोर बसलेल्या बाई म्हणतात, "डॉक्टर, काही फरकच नाही." अशा वेळी "अहो, छान झालंय" म्हणून त्यांची बोळवण करणं मला पटत नाही. त्यांना दिसतंय ते खरं असतं. फक्त त्याचं कारण बहुतेकदा पापणीत नसून भुवईत असतं.

पापणीची कातडी अंगावरची सगळ्यांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वयाबरोबर ती ओघळून नजरेवर आली, की माणूस नकळत कपाळ आवळून भुवया वर धरतो, अगदी फोटो काढतानासुद्धा. वाढीव कातडी काढली की कपाळाचं ते काम संपतं. भुवई खाली येते, तिच्यासोबत कातडीही, आणि पेशंटला वाटतं, कमी काढली. हट्टाने आणखी काढायला जावं, तर डोळा मिटायला कातडी पुरत नाही. भुवई ते पापणीचे केस यांत साधारण 20 मिलिमीटर कातडी राखायची, हा आमचा धडा त्यासाठीच. नाहीतर झोपेतही डोळा अर्धवट उघडा राहतो, कोरडा पडतो, खुपतो.

म्हणून शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू होण्याआधी मी हातआरसा देते. "काकू, डोळे मिटा. कपाळ सैल सोडा. आता नुसते डोळे उघडा, भुवई नको." भुवईवर बोट ठेवून मी ती वर जाऊ देत नाही. कपाळावरच्या आठ्या विरतात, कातडी पापण्यांच्या केसांवर येऊन टेकते. "अगंबाई, आणि ही डावी भुवई एवढी खाली कधीपासून?" कधीपासूनचीच असते. हे आज दिसलं नाही, तर टाके निघाल्यावर दिसेल आणि ते माझ्या सुरीचं काम ठरेल.

सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावायला काही महिने जातात. घडी उंचसखल वाटली तरी तोवर थांबायला सांगते. डोळा मिटत नसेल, चुरचुरत असेल, तर मात्र त्याच दिवशी बोलावते. ती तक्रार ताटकळत ठेवायची नसते.

आपल्याकडे पुष्कळजणी येतात त्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी. खालच्या पापणीतली चरबी काढून कातडीचा रंग उजळत नाही. हे ऐकून काहीजणी उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. जाऊ देत. ही शस्त्रक्रिया त्यांच्यासाठी नव्हतीच.