खारपाणपट्ट्यातली तहान

१० डिसेंबर, मानवी हक्क दिन.

संग्रामपूर तालुक्यात मामींकडे आले आहे. सकाळी चहा नासला. "अठलं पानीच तसं हाये बाई, नशीब आमचं," मामी म्हणाल्या.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचं पाणी खारं, हापशीचंही खारंच. डाळ शिजता शिजत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. ऐपत असलेले जार विकत घेतात, बाकीचे तेच पाणी पितात. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात किडनीच्या आजाराने कितीतरी घरं खचली.

कोठडीत मारहाण झाली की आपल्याला मानवी हक्क आठवतात. हंड्यातला अन्याय मात्र रोजचा, म्हणून नजरेआड होतो. प्रदूषणमुक्त पाणी कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही सुरक्षित पाणी हा मानवी हक्क मानला.

जमिनीतला खार निसर्गाचा. पण गोडं पाणी दारापर्यंत न पोहोचणं, ही माणसांनी केलेली हेळसांड आहे. तिला नशीब म्हटलं की जबाबदार सुटतात. पाणी तपासणीचा अहवाल ग्रामसभेत मागा, असं मामींना बजावलं आहे. पुढच्या ग्रामसभेला मीही त्यांच्यासोबत जाणार.