जात्यावरचा दुसरा हात



शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, आणि त्याच सुमारास, तिथीप्रमाणे थोडी मागेपुढे, माउलींची पालखी आळंदीहून निघते. वारकऱ्याच्या घरातली सून नवी शिक्षिका झाली, की या दोन्ही गोष्टी एकाच उंबऱ्यावर येऊन उभ्या राहतात. आमच्या उंबऱ्यावर त्या २००५ साली आल्या.

डी.एड. लग्नाआधीच झालं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा मुलगा चौदा महिन्यांचा होता. मानधन महिना ३००० रुपये, तीन वर्षं तेवढंच, मग कायम. शाळा दोन शिक्षकांची. पहिली आणि दुसरी माझ्याकडे. पहिलीतली लेकरं सुरुवातीचे आठ दिवस रडतच असतात. घरी रडणारं आपलं पोर सोडून यायचं आणि इथं दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन उगी करायची, याचं हसू यायचं आणि पोटात तुटायचंही. संध्याकाळी घरी आले की मुलगा आधी बिलगायचा, मग रुसायचा. तो झोपल्यावर दुसऱ्या दिवसाचं टाचण काढायचं. बाजूला सासूबाईंचा हरिपाठ आटोपलेला असायचा, आणि बहुतेक वेळा तो त्याच आवाजात झोपी गेलेला असायचा.

‘घर आणि नोकरी दोन्ही सांभाळते हो!’ असं आल्यागेल्यानं कौतुक केलं की मला अवघडल्यासारखं होई. दोन्ही मी सांभाळतच नव्हते. शाळा मी सांभाळत होते. घर सासूबाई सांभाळत होत्या. जनाबाईंबरोबर देव दळायला बसला, ही कथा कीर्तनात ऐकताना आपण गहिवरतो. मला मात्र तेव्हापासून त्या कथेतला जात्याचा खुंटा दिसतो. जातं एकटीलाही ओढता येतं. पण खुंट्याला दुसरा हात लागला की दळणारीला ओवी म्हणण्याएवढा श्वास उरतो. आमच्या घरी तो दुसरा हात कुणाचा, हे मला रोज दिसत होतं.

आणि त्या हाताची वारी आली. एकोणीस वर्षं सासूबाईंनी चुकवली नव्हती. यजमान एस.टी.त वाहक, आषाढीला जादा गाड्या सुटतात, तेव्हा त्यांना रजा कुठली? सासूबाई एका रात्री सहज म्हणाल्या, “यंदा ऱ्हाऊ दे. इठ्ठल घरातच रांगतोय की.”

त्यांनी असं म्हणणं त्यांच्या भक्तीला शोभलं. पण मी ते सोयीनं मान्य करावं, हे मला पटेना. माळकऱ्याचा नेम दुसऱ्याच्या हजेरीपटासाठी मोडायचा, आणि वर त्याला भक्तीचं नाव द्यायचं? त्यातून घरात काही अडलं की पहिल्यांदा बाईचाच नेम बाजूला सरतो, हे काही मी नव्यानं पाहत नव्हते.

मी आईला निरोप धाडला. तिच्याकडे पेरणीची घाई. ती म्हणाली, “पेरा उरकला की येते, त्याआधी नाही.” मग दोघी विहिणींनी दिवस वाटून घेतले. आळंदी ते लोणंद सासूबाई घरी. लोणंदच्या मुक्कामाला त्यांनी आपल्या दिंडीत सामील व्हायचं आणि तिथून पंढरपूरपर्यंत चालायचं. आमचं गाव फलटण तालुक्यातलं, त्यामुळे हे जमण्यासारखं होतं. आई पेरणीचा चिखल पायाला घेऊनच आली असावी, अशी दिसत होती. सासूबाईंनी तिच्या हातात नातू दिला, डोक्यावर बोचकं घेतलं आणि निघाल्या. चांदोबाच्या लिंबापाशी त्यांना उभं रिंगण सापडलं, हे त्या द्वादशीनंतर परत आल्यावर दहा वेळा सांगत होत्या.

एकादशीला शाळेत आम्ही बालदिंडी काढली. वहीच्या पुठ्ठ्यांची पालखी, पत्र्याच्या डब्याचा मृदंग. आठ दिवसांपूर्वी आईसाठी रडणारी एक मुलगी डोक्यावर तुळस घेऊन पुढे चालत होती आणि मागं वळून बघायलाही तयार नव्हती.

पुढच्या वर्षी पेरा लवकर उरकला. आई प्रस्थानाच्या आधीच आली आणि सासूबाई आळंदीपासून चालल्या. निघताना अंगणातल्या तुळशीला पाणी कुणी घालायचं, हे त्यांनी मला नाही, आईलाही नाही, आपल्या लेकाला बजावलं. रात्रीची पाळी असली तरी.