दुपारची पाळी

फ्यूजची तार बदलायची म्हटली तरी शेजाऱ्यांना हाक मारणाऱ्यांपैकी मी एक. अशा कला शाखेच्या विद्यार्थ्याने जुन्या संगणकाच्या स्मृतीची परीक्षा घेण्याविषयी लिहावे, याचे वर्गातल्या मंडळींना हसू येईल आणि प्राध्यापकवर्ग बहुधा पान उलटील. पण गेल्या उन्हाळ्यात बार्शीला काकांकडे जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

काकांच्या माळ्यावर १९८७ साली घेतलेला एक पी.सी. एक्स.टी. पडून होता. आय.बी.एम.च्या यंत्राबरहुकूम जुळवलेला, कर्ज काढून आणलेला. पतपेढीचे व्याज, दुकानदारांची बिले अशी कामे काका एका भाड्याच्या खोलीत करीत. सकाळी ते स्वतः बसत. दुपारी कॉलेजात शिकणारा एक मुलगा बसे. १९८९ च्या मार्चअखेरीस, पतपेढीचा हिशेब चालू असताना, यंत्र तीन वेळा मध्येच थांबले. न साठवलेले काम गेले. तिन्ही वेळा दुपारी. मुलगा म्हणाला, "पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि सगळंच थांबलं." काकांनी ते थाप म्हणून घेतले. पगार कापून त्याला घरी पाठवले. पतपेढीनेही काम काढून घेतले आणि पावसाळ्यात खोली सुटली. आमच्या घरात हा सगळा इतिहास एका वाक्यात सांगतात : त्या पोरानं धंदा बुडवला.

तंत्रनिकेतनात शिकणारा माझा एक मित्र सुट्टीत माझ्याबरोबर आला होता. त्याला जुन्या यंत्रांचे वेड. त्याने आधी वीजपुरवठ्याची पेटी उघडून तपासली आणि मगच बटण दाबले. हिरव्या अक्षरांत आकडे चढू लागले आणि ६४० वर थांबले. मला तो क्षण फार आवडला. इतक्या वर्षांच्या झोपेनंतर यंत्र आधी स्वतःला काय काय आठवते ते मोजते!

मुळात या यंत्राला २५६ किलोबाइट एवढीच स्मृती होती. चौसष्ट किलोबिटांच्या छत्तीस चिप्स, नऊ-नऊच्या चार ओळींत. पुढे पतपेढीची शीट वाढली आणि लोटस 'मेमरी फुल' म्हणून अडू लागले. तेव्हा १९८८ च्या अखेरीस काकांनी स्वतः बसून पहिल्या दोन ओळी उपटल्या आणि तेथे २५६ किलोबिटांच्या अठरा चिप्स बसवल्या. एक जंपर बदलला. ५१२ अधिक १२८ मिळून ६४०. कार्यक्रमांसाठी या यंत्रात एवढीच जागा ठेवलेली असते. त्या वर्षी जगभर मेमरी चिप्सचा तुटवडा होता, भाव कडाडले होते. म्हणून काकांनी वापरलेल्या चिप्स घेतल्या. काढलेल्या अठरा जुन्या चिप्स त्यांनी सिगारेटच्या चांदीत गुंडाळून बोर्नव्हिटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

ओळीत आठांऐवजी नऊ चिप्स का, हे मला मित्राने समजावले. आठ चिप्स अक्षर लक्षात ठेवतात. नववी फक्त एवढेच ध्यानात ठेवते की आठांत एक या आकड्याची संख्या सम होती की विषम. वाचताना हिशेब जुळला नाही की यंत्र 'पॅरिटी'ची तक्रार करून जागच्या जागी थांबते. कोणीतरी चुकले एवढेच नववा साक्षीदार सांगतो. कोण चुकले, हे त्याला ठाऊक नसते.

मित्राच्या फ्लॉपीवर परीक्षेचा एक लहानसा कार्यक्रम होता. प्रत्येक घरात ०१०१०१०१ लिहायचे, परत वाचायचे. मग उलट, १०१०१०१०. सकाळी चार फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. "उत्तम आहे," मित्र म्हणाला. काका झोपाळ्यावर होते. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुपारी लाव."

दुपारी दोन वाजता, पत्र्याखालच्या त्या माळ्यावर, आम्ही घामाने निथळत बसलो. शिवाय मित्राने ताईचा हेअर ड्रायर चिप्सवर धरला. तिसऱ्या फेरीत चूक आली. पुन्हा आली. प्रत्येक वेळी तोच एक बिट.

या चिपमधले प्रत्येक घर म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक सूक्ष्म साठा. आय.बी.एम.च्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली या रचनेचे पेटंट मिळाले. हा साठा गळक्या घागरीसारखा असतो. चार मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर आठवण गेली. उष्णता वाढली की गळती वाढते. चांगली चिप तेवढे सोसते. एखादे दुबळे घर मात्र सकाळी टिकते आणि दुपारी टिकत नाही. अशी घरे त्या यंत्रात सुमारे एकोणसाठ लाख होती.

जागा वाईट की चिप वाईट, हे पाहायला मित्राने ती चिप शेजारच्या चिपशी बदलली. चूकही तिच्याबरोबर शेजारी गेली. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक चिप त्या जागी बसवली. ड्रायर लावूनही दहा फेऱ्या निर्वेध झाल्या.

मित्र प्रामाणिक. तो म्हणाला, "काका, पस्तीस वर्षांत चिप नंतरही खराब झाली असेल. तेव्हाही हेच होतं असं छातीठोक सांगता येणार नाही."

"तो दुपारीच म्हणायचा," काका म्हणाले. "मी सकाळी बसून बघायचो आणि म्हणायचो, मला कसं काही होत नाही."

ती चिप त्यांनी मागून घेतली आणि चांदीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर त्यांनी कुर्डुवाडीच्या गाडीची वेळ विचारली. त्या मुलाचे, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांचे, तेथे स्टेशनरीचे दुकान आहे. काकांना ते ठाऊक होते. कसे, ते मी विचारले नाही. मी बरोबर येतो म्हटले, तर नको म्हणाले.

रात्री नऊला परत आले. काकूंनी ताट वाढले. खिसा रिकामा होता, हे मी पाहिले.

"अहो, काही म्हणाला का तो?"

"म्हणाला, एवढ्या उन्हात कशाला आलात."