उताराची परीक्षा

"गाडी कोणती घ्यायची?" हा प्रश्न निघाला की चंदीगडच्या त्या मराठी घरात ताटातल्या पोळ्या थंड व्हायच्या. चार घरांत होतो तसा हा रंगाचा, मायलेजचा किंवा हप्त्यांचा वाद नव्हता. गाडीला एक ट्रेलर ओढायचा होता आणि त्या ट्रेलरमध्ये उभे राहणार होते दोन घोडे.

कुटुंब मूळचे साताऱ्याचे. कर्नलसाहेबांची शेवटची नेमणूक चंडीमंदिरला झाली. निवृत्तीनंतर इथले रुंद रस्ते, झाडी आणि हिवाळा सोडवेना, म्हणून ते इथेच राहिले. घोड्याचा नाद कर्नलसाहेबांचा, पण घोड्याचे सगळे करणे त्यांच्या पत्नीचे. मुल्लांपूरच्या बाजूला एका शेतावर त्यांची घोडी असते. मोतद्दाराने खरारा नीट केला की नाही, हरभरा भिजला की नाही, नालबंद कधी येणार, हे सारे बाईंच्या डोक्यात असते. मुलगी कॉलेजात शिकते आणि सुट्टीत घोडेस्वारीच्या स्पर्धांना जाते.

पंजाबात या छंदाचे कुणाला नवल वाटत नाही. मुक्तसरच्या माघी मेळ्यात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आनंदपूर साहिबला होला मोहल्ल्याच्या दिवशी निहंगांची घोडदौड पाहायला हजारोंची गर्दी लोटते. पण घोडा पाळणे वेगळे आणि त्याला सुखरूप एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे वेगळे. हे त्या घराला एका संध्याकाळी कळले.

मागून कोण ढकलते आहे?

गेल्या वर्षी मे महिन्यात उन्हाचा तडाखा नको म्हणून घोडीला परवाणूच्या वर, डोंगरातल्या एका ओळखीच्या शेतावर ठेवले होते. सप्टेंबरात तिला खाली आणायचे ठरले. जुनी जीप, मागे दोन घोड्यांचा ट्रेलर आणि आत एकटी घोडी. वर चढताना जीपने कुरकुर केली होती, पण चढली होती. त्यामुळे उताराची कुणालाच काळजी नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर बाईंना वाटले, मागून कुणीतरी जीप ढकलते आहे. कर्नलसाहेब ब्रेक दाबत होते, तरी गाडी हवी तेवढी आवरत नव्हती. थोड्याच वेळात जळकट वास येऊ लागला. एका वळणावर ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे हलले आणि जीपची मागची चाकेही त्याबरोबर सरकली. कसेबसे कडेला थांबून मागचे दार उघडले, तेव्हा घोडी घामाने निथळत होती. तिचे चारही पाय फाकलेले होते आणि गुडघे थरथरत होते.

"बाबा, ती पूर्ण रस्ता अशीच उभी असेल?" मुलीने विचारले. कर्नलसाहेबांकडे उत्तर नव्हते.

आपण गाडीत बसलेले असतो. हाताला धरायला काहीतरी असते, पुढचे वळण दिसत असते. घोड्याला यातले काहीच नसते. ब्रेक लागला की त्याचा तोल पुढे जातो आणि वळण आले की बाजूला. त्याच्या अंगाचा निम्म्याहून जास्त भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. चालक जितक्यांदा दचकून ब्रेक मारतो, तितक्यांदा घोडा पडता पडता सावरतो.

वजनकाट्यावरचा हिशेब

घोडीला तीन वर्षांपूर्वी झालेले शिंगरू आता अंगाने भरले होते. आईवाचून ते ट्रेलरमध्ये पाय ठेवत नव्हते. म्हणजे यापुढे दोघांना बरोबरच न्यावे लागणार होते. बाईंनी आधी सगळ्यांचे वजन करून घ्यायचे ठरवले. ट्रक तोलतात त्या काट्यावर रिकामा ट्रेलर गेला, मग घोड्यांसह गेला. ट्रेलर ९०० किलो, घोडी ४१० आणि शिंगरू ३५०. त्यात खोगीर, चारा आणि पाण्याचे कॅन धरून एकूण १७५० किलोच्या घरात. जीपचे स्वतःचे वजन दीड टन. ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारेच जड! उतारावर कोण कुणाला नेत होते, ते आता कागदावरच दिसले.

शोरूममधल्या तरुण विक्रेत्याने मात्र हसत हसत हॉर्सपॉवरचे आकडे सांगितले. पंच्याहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक मेट्रिक हॉर्सपॉवर. हे माप चढाला उपयोगी, उताराला नाही. "ही गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते? ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले तर किती आणि नसले तर किती?" असे बाईंनी विचारल्यावर त्याने पुस्तिका दोनदा उलटली आणि आत जाऊन कुणाला तरी फोन लावला.

हा प्रश्न महत्त्वाचा होता. युरोपात ७५० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. यांच्या जुन्या ट्रेलरला ते नव्हतेच. सगळा भार एकट्या जीपच्या ब्रेकवर पडत होता.

घरात तीन मते झाली. कर्नलसाहेबांना जीपचेच इंजिन नवे करून घ्यायचे होते. मुलीला चकचकीत, उंच एसयूव्ही हवी होती. बाईंना शिडीसारख्या मजबूत चासीची, जड, फोर-व्हील ड्राइव्हची डिझेल पिकअप हवी होती. अडचण पैशांची होती. बाजूला ठेवलेली रक्कम वरच्या मजल्यावर एक खोली बांधण्यासाठी होती. साताऱ्याहून सासूबाई कायमच्या राहायला येणार होत्या, ती खोली त्यांच्यासाठी.

सासूबाईंचा फोन

शेवटी बाईंनीच फोन करून सासूबाईंना सगळे सांगितले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, माझे वडील घाटातून भुईमुगाची पोती आणायचे. चढाला बैल दमतो, पण मरत नाही. उताराला गाडी बैलाच्या अंगावर येते, तेव्हा त्याचे हाल बघवत नाहीत. म्हणून ते बैल घेताना त्याची ओढ बघायचे नाहीत, उताराला रेटा धरतो का ते बघायचे. तुम्ही गाडी तशीच बघा. माझी खोली कुठे पळून जात नाही. मी खालीच राहीन, गुडघ्यांनाही बरे."

त्या दिवशी वाद संपला.

दोन महिन्यांनी एक वापरलेली, पण निगा राखलेली जड पिकअप घरी आली. तिचे वजन दोन टनांच्या आसपास होते आणि ओढण्याची मर्यादा भरलेल्या ट्रेलरपेक्षा बरीच जास्त. ट्रेलरलाही ब्रेक बसवून घेतले. जोडाला दोन बाजूंनी साखळ्या आल्या. बाईंनी ट्रेलरमधली रबराची चटई उचलून बघितली, तर खालची एक फळी घोड्यांच्या मुताने कुजून मऊ पडली होती. गाडी कितीही दणकट आणली असती, तरी ती फळी तुटली असती तर सगळे व्यर्थ होते. त्यांनी पूर्ण तळ बदलून घेतला.

कायदा काय म्हणतो?

जनावरांच्या वाहतुकीबाबत आपल्याकडे १९७८ चे नियम आहेत. ते बाईंनी वाचून काढले. घोडे ट्रकमधून नेताना तळाला न घसरणारे आवरण हवे, दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, सोबत एक माणूस हवा आणि त्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर हवीत. वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको. इतका कमी? कर्नलसाहेब आधी हसले. पण हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारा जोर चौपट होतो. ताशी ६० ऐवजी ३५ च्या वेगाने गेले तर ब्रेकवरचा ताण जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. नियम करणाऱ्यांनी घोड्याच्या पायांचाही विचार केला असणार.

पुण्या-मुंबईच्या शर्यतींच्या हंगामात घोडे दरवर्षी बोरघाटातून वर-खाली होतात. ते काम करणारे अनुभवी चालकही उताराला आधीच खालचा गिअर टाकतात. इंजिनने गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक राखून ठेवायचा. जड घोडा नेहमी चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे उभा करायचा, कारण आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात. दर दोन-तीन तासांनी थांबून घोड्याला मान खाली घालू द्यायची, नाहीतर डोके वर बांधून ठेवल्याने श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि घोडा आजारी पडतो. निघण्यापूर्वी पशुवैद्याचा दाखला घ्यायचा. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, म्हणून त्याची तपासणी टाळायची नाही. हिसारला १९८५ पासून घोड्यांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे ही तपासणी होते.

पुन्हा तोच रस्ता

या वर्षी सप्टेंबरात तोच डोंगर, तोच उतार. या वेळी मागे घोडी आणि तिचे शिंगरू, दोघेही. गाडी बाई चालवत होत्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बाई कडेला जागा दिसली की त्यांना पुढे जाऊ देत होत्या.

परवाणूच्या खाली आल्यावर त्यांनी गाडी थांबवली. कुणी काही बोलले नाही. मुलीने मागचे दार उघडले. शिंगरू आईच्या पुढ्यातले गवत ओढून खात होते. घोडीने मान वळवून पाहिले आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातले. तिच्या अंगावर घाम नव्हता.

रात्री साताऱ्याला फोन गेला. "पोहोचलात का नीट?" सासूबाईंनी विचारले.

"पोहोचलो, आई. गाडीने रेटा धरला."

"मग खालची खोली आवरून ठेव," त्या म्हणाल्या, "दिवाळीला येते मी. तुझी घोडी बघायला."