चेंडू मागे, पळायचं पुढे

शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत रग्बी असते, पण आमच्या शाळेत त्या नावापुढे कधी टिकमार्क पडला नव्हता. मानवत तालुक्यातली शाळा. कबड्डी, खो-खो आणि पावसाळा संपल्यावर थोडं व्हॉलीबॉल, एवढाच आमचा पसारा. 2025 च्या जूनमध्ये नववीतल्या काही मुली ती यादी घेऊन माझ्याकडे आल्या. कबड्डीच्या संघात जागा न मिळालेल्या मुली होत्या त्या.

"सर, हे रग्बी काय असतंय? याच्यात आमाला घ्या की."

त्यांचं गणित सरळ होतं. कबड्डीला तालुक्यातच एवढी गर्दी की जिल्ह्यापर्यंत पोचतानाच दम निघतो. दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण या दोन गोष्टी आमच्याकडे पालकांनाही पाठ असतात. मी हो म्हणालो. रग्बीचा एकही सामना मी तोवर पाहिलेला नव्हता.

त्याच महिन्यात मुंबईला अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम चालू होता. टीव्हीवर बघायला बसलो. माणसं पळतात, पडतात, ढीग होतो, शिट्टी वाजते आणि समालोचक खूश होतो. शिट्टी कशासाठी वाजली ते काही कळेना. शिवाय त्या लीगमध्ये चार-चार मिनिटांचे चार भाग होते. एरवी सात जणांच्या रग्बीत सात-सात मिनिटांचे दोनच डाव असतात. टीव्ही बघून वेळेचा हिशेब ठेवाल तर मैदानात गोंधळ उडेल.

पहिली अडचण चेंडूची. दुकानदाराला फोनवर "लांबट रग्बीचा बॉल" सांगितलं, तर त्याने पाठवला अमेरिकन फुटबॉलचा. दोन्ही टोकं अणकुचीदार, वर लेस शिवलेली. हाताला चांगला बसतो, म्हणून पोरी खूश. पण रग्बीचा चेंडू जाडसर असतो, टोकं गोलसर असतात आणि लेस नसते. परत पाठवून नवा यायला बराच वेळ गेला. मागवताना नंबरही सांगावा लागतो. 14 वर्षांखालच्या लेकरांना 4 नंबर, त्यापुढे 5.

दुसरी अडचण मोठी होती आणि ती लवकर दिसलीच नाही. पोरींनी मोबाईलवर व्हिडिओ शोधून सराव सुरू केला. पडलेली मुलगी उठायची, चेंडू जमिनीवर ठेवायची आणि टाचेने मागे ढकलायची. छान जमत होतं. पोळ्याला आमचाच एक माजी विद्यार्थी गावी आला. तो पुण्यात कॉलेजकडून रग्बी खेळायचा. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सर, हे लीग चाललंय. आपल्याला युनियन खेळायचंय."

रग्बीचे दोन वेगळे खेळ आहेत हे तेव्हा समजलं. रग्बी लीगमध्ये मूळ खेळ 13 जणांचा, ट्रायला, म्हणजे समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, 4 गुण, आणि सहा वेळा अडवलं की चेंडू समोरच्याला द्यायचा. युनियनमध्ये मूळ खेळ 15 जणांचा, त्याचंच छोटं रूप म्हणजे सात जणांचं सेव्हन्स, आणि ट्रायला 5 गुण. ऑलिंपिकमध्ये 2016 पासून आहे ते सेव्हन्स. शाळेच्या स्पर्धेतही हेच. युनियनमध्ये अडवल्यावर खेळ थांबत नाही, उठून चेंडू ठेवायला वेळच मिळत नाही. पाय फिरवून शिकलेलं सगळं पोरींना विसरावं लागलं. शिकण्यापेक्षा विसरायलाच जास्त दिवस लागले.

युनियनची नियमावली जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. एकूण 21 नियम, इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसलो, तिसऱ्या नियमापाशीच झोप आली. त्या पोराने सांगितलं, "सर, पुस्तक नंतर. आधी पाच गोष्टींवर शिट्टी मारा, बाकी सोडून द्या." त्याचा हा सल्ला सगळ्यात उपयोगी पडला.

आधी पास. हाताने चेंडू पुढे द्यायचा नाही, बरोबरीने किंवा मागेच द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण पळताना जिला द्यायचा ती मागे असते, आणि पोरी मागे बघायच्या आणि थांबायच्या. मग जिला चेंडू हवाय तिनेच मागून ओरडायचं, असं ठरवलं. "डावीकडं! डावीकडं!" मैदानाशेजारच्या रानातली माणसं काम थांबवून बघायची.

मग नॉक-ऑन. हातातून निसटून चेंडू पुढे पडला की समोरच्या संघाला स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्हीकडच्यांनी वाकून एकमेकींना रेटत चेंडू मिळवायचा. सेव्हन्समध्ये स्क्रमला दोन्हीकडून तीन-तीन जणी. मागे पडला तर काहीच नाही, खेळ चालू. पोरी मात्र चेंडू पडला की कुठेही पडो, हात वर करून थांबायच्या. "शिट्टी वाजली का?" हे वाक्य मी एवढ्या वेळा म्हणालो की वर्गातही तोंडातून निघायला लागलं. यातच ॲडव्हांटेज येतं. चूक झाली तरी समोरच्या संघाचा फायदा होत असेल तर पंच हात आडवा धरून खेळ चालू ठेवतो. थांबलेला संघ तिथेच मार खातो.

टॅकल, म्हणजे चेंडूवालीला धरून खाली पाडणं, मी भीतभीतच सुरू केलं. आमची काळी माती उन्हाळ्यात दगड होते आणि पावसात चिखल. जिल्हा परिषदेच्या जुन्या इमारतीमागे गवताचा एक पट्टा होता, तिथे कडब्याने भरलेली पोती टाकली आणि आधी नुसतं पडायला शिकवलं. मग गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. इथे कबड्डी फार कामाला आली. घोटा धरणं, मांडी धरणं, कमरेला मिठी मारणं हे पोरींच्या अंगात होतंच. नियमाने खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला तर फाऊल. मी मात्र कमरेच्या वर धरायचंच नाही असं सांगितलं. फ्रान्समध्ये हौशी खेळाडूंना 2019 पासून हीच मर्यादा आहे.

पण त्याच कबड्डीने नडवलंही. कबड्डीत पकड केली की सोडायचं नाही. रग्बीत समोरची खाली पडली की तिला तत्काळ सोडायचं आणि बाजूला व्हायचं. पडलेलीनेही चेंडू लगेच सोडायचा. आमच्या पोरी पडलेलीला धरूनच ठेवायच्या, आणि पडलेली चेंडू पोटाशी धरून गोळा व्हायची. दोघींचीही पेनल्टी.

"सर, धरलं तर सोडायचं काहून?"

याचं उत्तर बोलून पटेना. मग उलटं केलं. पकडलेल्या चढाईपटूसारखा हात लांब करायचा, फक्त मध्यरेषेऐवजी आपल्या संघाकडे, आणि चेंडू ठेवून द्यायचा. हे त्यांना एका दिवसात जमलं. गोलरेषेजवळ तोच हात पुढे टाकून चेंडू टेकवला तर ट्राय होतो, हेही त्यांचं त्यांनीच शोधलं.

रक मला सगळ्यात उशिरा समजला. जमिनीवर चेंडू, त्यावर दोन्ही संघांची निदान एकेक खेळाडू पायांवर उभी राहून भिडलेली, की रक झाला. आता चेंडूला हात लावायचा नाही. मदतीला यायचं ते आपल्या बाजूने, मागूनच. कडेने घुसलं की पेनल्टी. बाकीच्यांनी शेवटच्या पायाच्या मागे थांबायचं, नाहीतर ऑफसाइड. मी फक्कीने जमिनीवर एक चौकट आखली आणि मागची बाजू मोकळी ठेवली. "इथूनच आत यायचं." कागदावरची आकृती चार वेळा दाखवून झालं नव्हतं ते त्या पांढऱ्या रेघेने झालं.

मध्येच पालकांची बैठक घ्यावी लागली. एका वडिलांनी विचारलं, "सर, हे इंग्रजांचं खूळ आपल्या पोरींना काहून?" मी सांगितलं, आपल्या देशात पहिला सामना 1872 च्या नाताळात कलकत्त्यात झाला. तिथला क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून चषक केला, आणि त्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंड अजून खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर साहेबलोकांचा सराव बघणाऱ्या फॅशन स्ट्रीटच्या पोरांना मॅथ्यू स्पेसी या खेळाडूने शिकवायला घेतलं, त्यातून मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. आणि आपल्या महिला संघाने 2019 मध्ये मनिलात सिंगापूरला 21-19 असं हरवलं, पंधरा जणींच्या खेळातला तो त्यांचा पहिला विजय. वडिलांना यातलं चांदीच्या रुपयांचं तेवढं आवडलं. आयांचा प्रश्न एकच होता, दात पडले तर? तो जास्त खरा होता. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचा असतो. परभणीत मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवले. ते येईपर्यंत टॅकल बंद ठेवलं.

सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आमचं मैदान तळं झालं. वर्गातल्या फरशीवर बाक सरकवून पास चालू ठेवले. उघडीप मिळाल्यावर शेजारच्या गावच्या मुलांशी सामना ठेवला. त्यात दोन भांडणं झाली. आमच्या मुलीने रेषा ओलांडली आणि आनंदाने चेंडू वर उडवला. ट्राय नाही. चेंडू हाताने जमिनीवर दाबावा लागतो. पुढे ट्राय झाला तेव्हा चेंडू कोण मारणार यावरून वाद. फुटबॉलच्या सवयीने सगळे म्हणाले, गोल खाल्लेल्यांनी. सेव्हन्समध्ये उलट आहे, गुण घेतलेला संघच किक मारून खेळ सुरू करतो.

त्याच सामन्यात एका मुलीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं. ती उठली, "काही नाही सर" म्हणाली, आणि मग आपला संघ कोणत्या बाजूला खेळतोय ते मलाच विचारलं. मी तिला बाहेर काढलं. भाऊ म्हणाला, ठीक आहे ती, खेळू द्या. खेळू दिलं नाही. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत घ्यायचं नाही, हा नियम या खेळात पक्का आहे. पुन्हा सामना खेळायला किमान 21 दिवस थांबावं लागतं, तेही डॉक्टरांनी बघून. त्या रात्री मला झोप आली नाही. रग्बी बंदच करावी असंही वाटलं. डॉक्टरांनी तपासून धीर दिला, आणि महिन्याभराने तीच मुलगी माझ्याआधी मैदानावर हजर होती.

जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो नाही. हरलो त्या सामन्यात निम्मे गुण पेनल्टीवर गेले, त्याही जास्त बोलण्यामुळे. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचं असतं. बाकीच्या हुज्जत घालायला लागल्या की पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते. कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या आमच्या पोरींना गप्प बसणं टॅकलपेक्षा जड गेलं.

आता नियमावलीचे 21 नियम माझे वाचून झाले आहेत. मैदानावर शिट्टी मारून झाल्यावर ते वाचायला सोपे गेले. नव्याने सुरू करणाऱ्यांनी जागतिक संघटनेचा रग्बी रेडी हा फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम आधी करावा, त्यात पडण्याचं आणि टॅकलचं नीट दाखवलंय.

आमची खरी अडचण वेगळीच आहे. सरावाला समोर संघ मिळत नाही. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली की निम्म्या पोरी रानात असतात, सात जणीही जमत नाहीत. पाथरी, सेलू, सोनपेठ भागातल्या कुणा सरांनी, मॅडमनी मुलींचा संघ उभा केला तर सामन्याला आम्ही तुमच्या गावी यायला तयार आहोत. चेंडू आम्ही आणू. माउथगार्ड तेवढे तुमचे तुम्ही घ्या.